धोटा उडाला

महिपतीनं मला मागून धरलं तेव्हा मी वाकून तुटलेला धागा ओवत होतो. आधी मानेवर हात पडला, मग शर्टाची कॉलर गळ्यात रुतली आणि मी दोन मागांच्या मधल्या बोळात पाठीवर आपटलो. डोकं फरशीवर आदळलं. वर छताचे पत्रे दिसत होते आणि माझ्या थोरल्या भावाचं उलटं तोंड. ते तोंड हलत होतं.

"ऊठ! घरला चल! बाई यायला लागल्यात!"

मला ऐकू आलं नाही. मी चार वर्षांचा असल्यापासून ठार बहिरा आहे; तापानं कान गेले, असं घरात सांगत. मी ते त्याच्या ओठांवर वाचलं. ओठ उलटे होते, रागानं थरथरत होते, तरी वाचलं, कारण ते ओठ वाचतच मी वीस वर्षांचा झालो होतो.

आमच्या इचलकरंजीत ही काही मोठी विद्या नव्हे. चोवीस माग एकदम आपटायला लागले की शेजारच्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसतो. म्हणून मागावरची माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवतात. चहा मागतात, शिव्या देतात, लग्नं जुळवतात, सगळं बिनआवाजी. बाहेर मी 'भैऱ्या' होतो. कारखान्यात सगळेच भैरे, आणि त्यांच्यात मी सगळ्यांत मुरलेला. शिवाय मागाचे दणके मला तळपायातून कळत. कुठला माग बिघडतोय हे जॉबरच्या आधी मला समजे. मी पायात चप्पल घालत नसे ती म्हणूनच.

मिशावाल्यांचं तेवढं अवघड जाई. आमचा जॉबर रावसो, म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस, त्याची मिशी वरचा ओठ गिळून बसलेली. त्यानं शिवी दिली की चहाला बोलावलं, हे मी त्याच्या डोळ्यांवरून ठरवायचो आणि निम्म्या वेळा चुकायचो. महिपतीला मिशी नव्हती. आमच्या गल्लीत सव्वीस वर्षांचा बिनमिशीचा गडी तो एकटाच. पोरं त्याला "तमाशात नाचायला जातोस काय रं?" म्हणून चिडवत. तो कधी ऐकून घेई, बहुतेक वेळा मारामारी करी. मारामारीला त्याला कारण लागतच नसे. लहानपणापासून मीही त्याच्या हातचा भरपूर मार खाल्ला होता. वर माझ्याशी बोलताना तो घसा फाडून ओरडायचा, मला ऐकू येत नाही हे पक्कं माहीत असून. गल्लीतल्या बायका दचकायच्या. मला नुसत्या त्याच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या दिसायच्या.

त्या दिवशी त्या तशाच फुगल्या होत्या.

भांडण पंधरा दिवस चाललं होतं. कारखान्यात आठ माग महिपतीच्या नावावर होते. त्यातले चार मी चालवायचो. हजेरीच्या वहीत मात्र माझं नाव नव्हतं. पगार त्याच्या नावानं यायचा, वहीला विचाराल तर मी तिथं नव्हतोच. कारण मला निराधार योजनेची पेन्शन होती. बहिरा, बिनकामाचा, कमाई काही नाही, असं लिहून ती मिळवलेली. नाव हजेरीला लागलं की मी कमावता झालो, आणि कमावता झालो की पेन्शन बंद. हिशोब सरळ होता.

पण मालकांनी नवे सहा माग मांडले आणि मला समोर उभं करून, तोंड नीट दिसेल असं, म्हणाले, "बसवंत, हे सहा तुझे. पण नाव लावायचं. एक तारखेपासून बिननावाचा माणूस मी आत घेणार नाही. उद्या काही झालं तर कुणाला जबाब देऊ?"

मी त्या रात्री झोपलो नाही. माझ्या नावाचे सहा माग! मला दुसरं काही नको होतं. मला त्या वहीत 'बसवंत हावळ' असं लिहिलेलं बघायचं होतं.

महिपतीनं मात्र ताट भिरकावलं. "माग आज हाईत, उद्या न्हाईत. संप झाला की पयला तुला काढतील. पेन्शन मरंपर्यंत हाय. मी मेल्यावर तुला कोण बघणार?"

मी खुणा करून आणि माझ्या त्या घोगऱ्या, वेड्यावाकड्या आवाजात म्हणालो, "तुला पैसं पायजेत, म्हणून."

त्यानं माझ्या मुस्काटात मारली. मी खाल्ली. पण या वेळी मी खाली बघितलं नाही.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात पेन्शनची फेरतपासणी निघाली. कुणी अर्ज केला होता की सगळ्यांचीच होती, माहीत नाही. तलाठी बाई मंगळवारी सकाळी घरी येणार होत्या. महिपतीनं सगळं ठरवून ठेवलं: मी जुनी लुंगी नेसून भिंतीला टेकून बसायचं, आईनं "हा घरीच असतो" एवढंच म्हणायचं. मंगळवारी पहाटे मी मागच्या दारानं कारखान्यात पळून आलो. मला त्या लुंगीत बसायचं नव्हतं.

महिपतीनं तरी निभावून नेलं असतं. पण बाईंनी आईला विचारलं, "मुलगा काय करतो मग दिवसभर?" आणि आमच्या आईच्यानं राहवलं नाही. पंधरा दिवस तिला पढवून ठेवलेलं, पण पोरगा काय करतो असं कुणी विचारलं की ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती म्हणाली, "माझा ल्योक माग चालवतोय की! जॉबरबी त्येला इचारतोय." बाईंनी वही मिटली, कारखान्याचा पत्ता विचारला आणि चालत निघाल्या. महिपती आडवाटेनं धावत त्यांच्या आधी पोचला. त्याच्याजवळ पाचेक मिनिटं होती. त्यातलं एक त्यानं मला पाडण्यात घालवलं होतं.

"ऊठ म्हणतो न्हवं!" त्यानं मला काखेत धरून ओढलं. मी मागाची चौकट धरून ठेवली. त्यानं माझ्या बोटांवर टाच मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी करंगळीचं हाड मोडल्याचं मला दंडापर्यंत कळलं आणि हात सुटला. तो मला फरफटत मागच्या दाराकडे न्यायला लागला. आजूबाजूची माणसं बघत होती. भावाभावांचं भांडण, कोण मध्ये पडतंय? रावसो तेवढा हातात पान्हा घेऊन दोन पावलं पुढं आला, महिपतीनं त्याच्याकडे बघितलं आणि तो थांबला.

मी महिपतीच्या मनगटाला चावलो. तोंडात खारट रक्त आलं. तो ओरडला असावा. त्यानं माझे केस धरून डोकं मागाच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. कपाळ फुटलं, डावा डोळा रक्तानं बंद झाला. मग त्यानं गुडघा माझ्या छातीवर रोवला, एका हातानं गळा दाबला आणि तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं, मला नीट वाचता यावं म्हणून.

"त्ये कागद काढायला दीड वर्ष झिजलो. कळतंय का तुला? दीड वर्ष! तू एका सकाळी घालवणार?"

मला श्वास घेता येत नव्हता. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. पाठीखाली फरशी हादरत होती. चोवीस मागांचे दणके पाठीतून छातीत जात होते आणि त्यात माझे चार माग मला वेगळे कळत होते. दोन नंबरचा रिकामा पडला होता, त्याचा दणका नव्हता. मी हात चाचपला. हाताला शेजारच्या मागाजवळ सुताची कांडी बदलण्यासाठी काढून ठेवलेला धोटा लागला.

ज्यानं बघितला नसेल त्याला सांगतो: धोटा म्हणजे दीडएक वीत लांब, जड लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना पोलादाची अणी. तो मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो, त्याच्या पोटातल्या कांडीचं सूत सोडत. कधी कधी तो मागातून सुटतो आणि बंदुकीतून सुटल्यासारखा उडतो. वर्षातून एकदा तरी कुणाचं तरी डोकं फुटायचंच.

मी तो मुठीत धरला आणि सगळा जीव एकवटून महिपतीच्या डोक्यावर हाणला.

अणी कानाच्या वर बसली. गळ्यावरचा हात सैल झाला. मी परत मारलं, त्याच जागी, कानावर. वीस वर्षांच्या थपडा त्या हातात होत्या, खोटं कशाला बोलू. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा तो बाजूला कोसळला होता. कानातून रक्ताची धार लागली होती. मी त्याच्या छातीवर बसलो आणि तिसराही मारला असता. मारणारच होतो.

तेवढ्यात पायाखालचे दणके थांबले. रावसोनं मेन स्विच पाडला होता. चोवीस माग एकदम गप्प झाले. लोकांना त्या वेळी शांतता ऐकू येते म्हणतात. मला पायाखाली जमीन मेल्यासारखी वाटली. मी मान वर केली. दारात तलाठी बाई उभ्या होत्या, छातीशी वही धरून, तोंडाला रुमाल लावून.

रावसो त्यांच्याशी बोलला. मिशीमुळे मला काही कळलं नाही. पण बाईंनी वळून दोन नंबरच्या मागाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या धोट्याकडे, आणि मला समजलं तो काय म्हणाला असेल. सगळी माणसं मान हलवत होती. पांडू, शिवाप्पा, कांड्या भरणाऱ्या दोन्ही बायका. सगळे खोटं बोलत होते, माझ्यासाठी. आणि मग खाली पडलेला महिपती, रक्तानं माखलेल्या तोंडानं, बाईंकडे बघून म्हणाला, "धोटा उडाला, बाई."

बाई खाली बसल्या. स्वतःचा रुमाल त्याच्या कानावर दाबला. मग त्यांनी विचारलं. ओठ अगदी स्वच्छ दिसत होते. "हा माग कोण चालवतं?"

वहीप्रमाणे तो माग महिपतीचा होता, आणि वहीतला महिपती मागापासून पंधरा हात लांब, मागच्या दाराजवळ पडलेला. बाईंनी सगळ्यांकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सरकारी माणूस माझ्याकडे तोंड करून, माझ्याशीच बोलला.

"तुम्ही बसवंत हावळ का? तुम्ही इथं कामाला आहात?"

बाईंच्या खांद्याआडून महिपतीचं तोंड दिसत होतं. त्याचे ओठ हलले. आवाज नसणार, कारण बाईंनी वळून बघितलं नाही.

"न्हाई म्हण. भावाचा डबा घेऊन आलतो म्हण. बस्या, ऐक. न्हाई म्हण."

त्याचा कान फोडून अजून दोन मिनिटं झाली नव्हती, रक्त त्याच्या गळ्यात उतरत होतं, आणि तो माझ्या पेन्शनसाठी खोटं जुळवत होता. मला त्याचा संताप आला. इतका, की धोटा हातात गच्च झाला. मग मी तो खाली टाकला आणि तोंड उघडलं. कारखान्यात माग चालू असताना मी कितीतरी बोललो होतो. बंद असताना, चारचौघांत, कधीच नाही. माझा आवाज कसा लागतो मला माहीत नाही, पण आई म्हणायची, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

"माग माझा हाय," मी म्हणालो. "हितं मी काम करतो. दोन वर्सं झाली. माझं नाव लिवा."

कुणी हसलं नाही. बाईंनी वही उघडली आणि माझं नाव लिहिलं. मी पुढं वाकून बघितलं, नीट लिहिलंय की नाही ते. कपाळाचं रक्त वहीवर पडलं, तर त्यांनी ते हातानंच पुसलं.

बहिऱ्या माणसाशी बोलणं तोडायचं तर तोंड फिरवावं लागतं. महिपतीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दवाखान्यात तो आठ दिवस होता. पहिले तीन दिवस त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी खाटेच्या कडेला उभा होतो, माझं बोट बांधलेलं, कपाळाला पाच टाके. आई खाली बसून मोसंबी सोलत होती. महिपतीनं मान वळवली. डोक्याला पांढरी पट्टी, त्याखाली चार दिवसांची दाढी. तो बोलायला लागला, कारखान्यात बोलतो तसा, बिनआवाजी. आई हातभर अंतरावर होती, तिला पत्ता नव्हता.

"डावा कान ग्येला. डॉक्टर म्हणाला, येणार न्हाई."

मी त्याच्या पट्टीकडे बघितलं.

"कुणी इचारलं तर धोटा उडाला. जलमभर तेवढंच सांगायचं."

मी मान हलवली.

"तुलाबी ताप न्हवता," तो म्हणाला.

मला वाटलं, दाढीमुळे माझं चुकलं. मी खूण केली, परत सांग. त्यानं एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"दिवाळी हुती. मी धा वर्साचा. तेलाच्या रिकाम्या डब्यात सुतळी बॉम्ब ठेवलो, वात पेटवलो आणि तुला म्हणलो, वाकून बघ आत काय हाय. मजा म्हणून. तू डोस्कं आत घातलंस. कानातनं रगत आलं. आईला दिसू नये म्हणून हौदावर नेऊन धुतलो. दोन दिवसांनी तुला ताप भरला. आई म्हणली, तापानं कान ग्येलं. डॉक्टरनंबी तेच लिवलं. मी गप बसलो."

त्या वयातलं मला एकच आठवत होतं: हौदाचं गार पाणी, आणि महिपती माझं तोंड धुतोय, आणि रडतोय. ती आठवण मी जन्मभर सांभाळली होती. भाऊ मारतो पण त्याचं माझ्यावर प्रेम आहे, हे मनाला समजवायला मी तीच काढून बघायचो.

माझे हात त्याच्या गळ्याकडे गेले. खरंच गेले. पट्टी बांधलेलं ते डोकं खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटावं, आपटतच राहावं, असं वाटलं. तो हलला नाही. त्यानं पट्टीच्या कानाकडे बोट केलं, मग माझ्या कानाकडे.

"फिट्टंफाट," तो म्हणाला.

"तुझा एक कान हाय अजून," मी ओठ हलवले.

त्यानं मान वळवली आणि उजवा कान माझ्यापुढं केला. "घे."

आईनं वर बघितलं. "काय रं, काय हवंय तुमास्नी?" मी हात खाली घेतले आणि निघून आलो.

दोन दिवस मी दवाखान्यात गेलो नाही. मागावर उभा राहून चार-चार तास धागे ओवत होतो आणि आतून पेटलेला होतो. दीड वर्ष तो तहसीलच्या पायऱ्या का झिजवत होता, ते आता कळत होतं. ते एक काम त्यानं माझ्यासाठी केलं होतं, आणि तेच मी बाईंच्या वहीत मोडून टाकलं होतं. कळत होतं, पण राग जात नव्हता. तो कळल्यानं जाणारा राग नव्हता.

तिसऱ्या दिवशी गेलो. तो मला बघून उठून बसला आणि भराभरा काहीतरी सांगायला लागला. ओठ हलत होते. मला एक शब्द कळेना. आठवड्याच्या दाट केसांनी वरच्या ओठाची कड झाकली होती. मी नुसता बघत राहिलो. तो आणखी बोलत राहिला. मी मान हलवली: कळत नाही. त्यानं हात उचलून आपल्या ओठावर फिरवला आणि खाली बघितलं, चोरी पकडल्यासारखं.

तेव्हा मला त्याच्या न ठेवलेल्या मिशीचा अर्थ लागला.

मी बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून वस्तरा आणि साबण मागून आणला. महिपतीनं वस्तरा बघितला. आई नळावर गेली होती, आजूबाजूच्या खाटा झोपलेल्या. त्यानं एकदा माझ्या डोळ्यांत बघितलं, मग डोकं मागं टेकलं आणि गळा मोकळा केला. डोळे मिटले. माझं मोडलेलं बोट बांधलेलं होतं, वस्तरा नीट धरता येत नव्हता. त्याच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती.

मी फक्त वरच्या ओठावरची मिशी काढली. दाढी तशीच ठेवली. एका जागी कापलं, थोडं रक्त आलं, ते मी अंगठ्यानं पुसलं.

त्यानं डोळे उघडले. "आता दिसतंय?"

"दिसतंय," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी पेन्शन बंद झाल्याचा कागद आला. हजेरीच्या वहीत एकाखाली एक दोन नावं लागली. माझ्या सहा मागांवर मी अठ्ठावीस वर्षं काढली, आता माझी पन्नाशी जवळ आली. महिपती गेल्या चैत्रात गेला. शेवटपर्यंत त्यानं मिशी ठेवली नाही, आणि माझ्याशी बोलताना पुन्हा कधी आवाज चढवला नाही. आवाज काढलाच नाही. जेवताना, भांडताना, पोरींची लग्नं ठरवताना आम्ही नुसते ओठ हलवायचो.

आई मात्र मरेपर्यंत शेजारणीजवळ रडत राहिली, की धोटा उडाला त्या दिवसापासून माझे दोन्ही ल्योक एकमेकांशी एक शब्द बोलत न्हाईत.